चंद्रपूरची वैशाली आणि कॅन थोची माय

वैशाली गेल्याची बातमी मला अस्सल चंद्रपुरी बोलीत मिळाली, पण सांगणारी मुलगी चंद्रपूरची नव्हती, आणि या देशाचीही नव्हती. मी पोंभुर्ण्याला माझ्या शाळेत होते. मुलांचा पेपर सुरू होता. फोन थरथरला तसा मी वर्गाच्या दाराबाहेर येऊन उचलला. "नसरीनताई," ती म्हणाली, "ताई गेली. मावशी रडतच नाई. तू ये." एवढंच. 'तुम्ही' म्हणायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ज्या बाईनं तिला मराठी शिकवलं तिनं तिला कधी 'तुम्ही' म्हटलंच नव्हतं. मी "येते" म्हटलं आणि परत आत गेले. एका मुलीनं जास्तीचा कागद मागितला, तो दिला. खिडकीजवळच्या मुलाचा पेपर वाऱ्यानं उडत होता, त्यावर त्याची पट्टी ठेवली. घंटा होईपर्यंत मी अशीच मुलांमधून फिरत राहिले. रडू आलं ते चंद्रपूरच्या बसमध्ये बसल्यावर, तिकीट काढताना.

फोन करणाऱ्या मुलीचं नाव माय. व्हिएतनामच्या दक्षिणेला, मेकाँग नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे शेकडो कालव्यांत फुटते, तिथे कॅन थो नावाचं शहर आहे. त्या शहरातल्या एका दवाखान्यात ती नर्स आहे. वैशालीच्या शेवटच्या दिवसांत ती तिच्या उशाशी होती. त्या घरात ती कशी आली हे सांगायचं तर आधी वैशालीबद्दल सांगावं लागेल.

आम्ही दोघी पठाणपुरा दरवाज्याच्या आतल्या एकाच गल्लीत वाढलो. माझे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे, तिचे वडील कोळसा खाणीत होते. तिची आई शकुंतलामावशी, आणि माझी अम्मी, दोघींच्या घरातली भांडी इतक्या वेळा इकडून तिकडे गेलेली की कोणतं कोणाचं हे दोघींनाही सांगता यायचं नाही. दर ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दी लोटायची, तेव्हा वस्तीतल्या बायका येणाऱ्यांना पाणी द्यायला उभ्या राहायच्या आणि आम्ही त्यांच्या हाताखाली पेले धरायचो. एका वर्षी कुठल्याशा देशातून आलेली एक म्हातारी भिक्खुणी वैशालीच्या हातचं पाणी प्यायली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलली. आम्ही नुसत्या पाहत राहिलो. पुढे कितीतरी दिवस वैशाली तेच घेऊन बसली होती. "ते काय बोलली असन व नसरीन? मले समजलं असतं तं मी उत्तर दिलं असतं ना..." मी विसरून गेले. ती विसरली नाही.

नागपूरला ती पालीत एम. ए. करायला गेली, तेव्हा हॉस्टेलवर तिच्या शेजारच्या खोलीत दोन व्हिएतनामी भिक्खुणी राहत होत्या. त्यांना ती बाजारात घेऊन जायची, रिक्षावाल्याशी भांडायची, परीक्षेचे अर्ज भरून द्यायची, आणि त्या तिला त्यांची भाषा शिकवायच्या. सुटीत आली की ती आमच्या गच्चीवर मला एकच शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणून दाखवायची. 'मा' सरळ म्हटलं तर भूत, चढवून म्हटलं तर आई, आणि खाली दाबून म्हटलं तर धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं. अम्मी खालून विचारायची, "ये लडकी बिल्ली जैसा क्या बोल रही?" वैशाली हसायची आणि पुन्हा म्हणायची. दोन वर्षांत तिला ती भाषा अशी आली की नागपुरातल्या एका कंपनीनं तिला शोधत येऊन नोकरी दिली. व्हिएतनामातली मुलं शिक्षणासाठी भारतातल्या खासगी कॉलेजांत आणायची, हा त्या कंपनीचा धंदा. वैशालीनं कॅन थोला राहायचं, तिथल्या शाळांतून फिरायचं, आईबापांना भेटायचं.

मला नवल वाटलं होतं. मी विचारलं, "आपली पोरं बाहेर जाऊन राह्यली, अन तिथली इथी काऊन येतीन?" ती म्हणाली, "इंग्रजीत शिकाले भेटते. घरापासून लय दूर नाई. अन बुद्धाचा देश म्हणतेत ते लोक... तेच लय मोठं हाय." ती त्या कामात फार चांगली होती. तिच्या सांगण्यात एक गोष्ट नेहमी यायची, की कुठल्याही घरी गेली की ती आधी कॉलेजचं नाव काढत नसे. त्यांच्या घरात पूर्वजांच्या तसबिरींसाठी एक उंच फळी असते, तिथे जाऊन हात जोडायची, मग घरातल्या म्हातारीशेजारी जमिनीवर बसून चहा प्यायची. धानाच्या गोष्टी निघायच्या, पावसाच्या निघायच्या. ही बुद्धाच्या देशातली बाई, आपल्यासारखीच भात खाणारी, आपल्या भाषेत बोलणारी... मग कॉलेजचं नाव निघेपर्यंत त्या घरानं आपली मुलगी तिच्या हवाली केलेली असायची. कंपनीनं तिचा पांढऱ्या साडीतला, हात जोडलेला फोटो माहितीपत्रकावर छापला होता. एका दिवाळीत तिनं तो मला दाखवला. "फोटो चांगला आला, नाई का?" असं म्हणाली, आणि मी उत्तर द्यायच्या आत तो पालथा ठेवला.

मायचं घर कॅन थोपासून जरा दूर, एका कालव्याच्या काठी. वडील नव्हते, आई बदकं पाळायची. माय हे तिकडच्या नव्या वर्षाला फुलणाऱ्या एका पिवळ्या फुलाचं नाव. वैशाली त्या घरी दोन-तीनदा गेली, आणि माय आपल्या शेजारच्या राज्यातल्या एका कॉलेजात नर्सिंग शिकायला आली. तिच्याबरोबर आणखी तीन मुली होत्या. पहिलं वर्ष संपायच्या आतच कळलं की त्या अभ्यासक्रमाला मान्यता मिळालेलीच नाही. कॉलेजनं सांगितलं, दुसरा कुठला तरी कोर्स घ्या. तिघी परत गेल्या. माय हॉस्टेलच्या खोलीत एकटी उरली, कारण गावातल्या सगळ्यांना जेवायला घालून आईनं तिला पाठवलेलं, आता परत कोणत्या तोंडानं जायचं? तिनं वैशालीला फोन केला. वैशालीनं कंपनीला विचारलं. कंपनीचं उत्तर असं की आपलं काम प्रवेशापर्यंत. त्या उत्तरानंतर तिनं नोकरी सोडली, विमानानं हैदराबादेला उतरली, मायला त्या हॉस्टेलातून काढलं आणि चंद्रपूरला घरी घेऊन आली.

मे महिना होता. चंद्रपूरचा मे काय असतो ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. ती पोरगी कूलरसमोर भिंतीला टेकून बसलेली, ओला टॉवेल डोक्यावर, आणि मावशी तिच्यासमोर ताट घेऊन. "नाव काय म्हणते इचं?" मावशीनं विचारलं. "माय," वैशाली म्हणाली. मावशीनं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे तं बरं झालं. मले नवीन नाव शिकाव नाई लागत." आमच्याकडे लेकीबाळींनाही लाडानं 'माय' म्हणतातच. त्या दिवसापासून त्या घरात "जेव माय", "झोप माय", "काऊन रडते व माय" सुरू झालं आणि त्या मुलीला वाटत राहिलं की निदान या घरात तरी आपलं नाव कोणी चुकीचं उच्चारत नाही. मावशीला तिची भाषा येत नव्हती, तिला मावशीची. तरी दोघी दिवसभर बोलायच्या, आणि त्यातूनच माय चंद्रपुरी बोली शिकली. एकदा तिनं मातीच्या भांड्यात गूळ जाळून त्यात मासे शिजवले. मावशी आधी कपाळाला हात लावून बसली, "माशात गूळ टाकून राह्यली ही पोट्टी," आणि नंतर त्याच रश्श्याबरोबर तिनं दुसऱ्यांदा भात घेतला.

पण वरून घर हसतं दिसलं तरी आत सगळ्यांना एकच घोर होता. मायचा व्हिसा त्याच एका कॉलेजच्या नावावर. कॉलेज बदलायचं तर सरकारची परवानगी हवी, आणि परवानगीसाठी आधी दुसऱ्या कॉलेजनं घेतो म्हणायला हवं. वैशाली आठवड्यातून दोनदा पहाटेच्या गाडीनं नागपूरला जायची. सगळीकडे तिचं चांगलं स्वागत व्हायचं आणि सगळीकडून एकच शब्द यायचा, कळवतो. परदेशी मुलगी घरात राहते म्हणून पोलीस कार्यालयात नोंद करायची होती, तेव्हा मीही सोबत गेले होते. तिथले साहेब भले होते. "बाई, ही तुमची कोण?" त्यांनी विचारलं. वैशाली म्हणाली, "हिच्या मायनं माझ्या भरवशावर पाठवली साहेब." साहेबांनी पेन उचललं. "नात्याच्या जागी एवढं मोठं नाई बसत," असं म्हणून त्यांनी 'परिचित' लिहिलं. बाहेर आल्यावर वैशाली मला म्हणाली, "परिचित... मी परिचित नसती तं हे झालंच नसतं."

जुलैत मावशीच्या बहिणीकडे, मूल गावाजवळ, धानाची रोवणी निघाली. मावशी मायला घेऊन गेली, मागून आम्ही दोघी. बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, बायका आधी या नव्या पाहुणीकडे पाहून खुसूखुसू करत होत्या. मायनं पँट गुडघ्यावर दुमडली, चिखलात उतरली, पऱ्ह्यांची पेंडी डाव्या हातात घेतली आणि ओळीला लागली. बायकांचं बोलणं थांबलं. मग त्यांच्यातल्या एकीनं गाणं धरलं. मायला शब्द येत नव्हते, पण तिचे हात बाकीच्यांच्या हातांबरोबर पडत होते. ती हसत होती. आमच्याकडे आल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. वैशाली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून ते बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नसरीन, हिच्या मायनं हिले चिखलातून काढाले इतक्या दूर धाडलं. अन मी हिले कुठी आणलं, पाय..."

परवानगी आली नाही. व्हिसाची मुदत संपायच्या आधी जाणं भाग होतं. वैशाली तिला विमानात बसवून परत येऊ शकली असती. सगळ्यांनी तेच सांगितलं. ती म्हणाली, "घेऊन मी आली, तं सोडून द्याले बी मीच जाईन." पुढे त्या घरी जे घडलं ते तिनं मला नंतर एकदाच सांगितलं. मायची आई कालव्याकाठी बदकांना दाणे टाकत होती. या दोघींना तिनं पाहिलं आणि दाणे संपेपर्यंत टाकत राहिली. मग घरात आली, स्वयंपाक केला, वैशालीपुढे भाताचा वाडगा ठेवला, आणि तिचं जेवण पूर्ण होऊ दिलं. नंतर म्हणाली, "माझ्या मुलीला जायचं नव्हतं. तिनं मला तीनदा सांगितलं. पण तुम्ही इतकं छान बोलत होतात की मला तिचं बोलणं ऐकू आलं नाही." एवढं बोलून तिनं वाडगे उचलले. वैशाली मला म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. मी इतक्या घरी गेली नसरीन, आजीले भेटली, मायबापाले भेटली, त्यांच्या पूर्वजालेही हात जोडले. ज्या लेकराले जायचं होतं त्याले मात्र मी कधीच काई विचारलं नाई." माय कॅन थोच्या नर्सिंग स्कूलला लागेपर्यंत ती तिकडेच राहिली. इंग्रजीच्या शिकवण्या घेऊन स्वतःचं भागवलं, आणि मायच्या आईनं तिला एक दिवसही दुसरीकडे राहू दिलं नाही. मग ती चंद्रपूरला आली, ती कायमची.

इथे आल्यावर तिनं एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला घेतलं. वाटलं होतं, तो अध्याय संपला. पण तोवर वारं उलटं फिरलं होतं. आता आपल्याच गावात, हॉटेलांच्या हॉलमधून, कोट घातलेली माणसं डॉक्टर होण्यासाठी बाहेर चला म्हणून आईबापांना बोलावत होती, आणि त्यांच्या देशांच्या यादीत व्हिएतनामही होता. अहेरीकडचे एक मास्तर कोणाकडून तरी ऐकून तिच्या घरी आले. "बाई, तुम्ही तिकडं राहून आल्या म्हणतेत. पोरीले तिथी धाडाचं म्हणतो, हे कॉलेज कसं हाय, सांगता का?" तिला त्या कॉलेजची माहिती नव्हती. तिनं मायला फोन केला. तेव्हा माय नुकतीच नोकरीला लागलेली. सुटीच्या दिवशी तिनं स्कूटर काढली, ते कॉलेज गाठलं, आणि हॉस्टेलच्या जिन्यावरून व्हिडिओ कॉल लावला. अहेरीच्या मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा व्हिएतनाम पाहिला आणि त्यातून आवाज आला, "हे पाय भाऊ, इथी नळाले पाणी हाय. पण या खोलीले खिडकी नाई. इथी नको ठेवू पोरीले, दुसरी पाय." मास्तर फोनकडे पाहतच राहिले. तेव्हापासून हे असंच चालू झालं. सिरोंच्याकडून लोक यायचे, एटापल्लीहून यायचे. काहींना ती जा म्हणायची, बऱ्याच जणांना नको म्हणायची, आणि नको म्हटल्यावर रागावून गेलेले लोकही होते. तिचा भाऊ संदीप मोहर्लीच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवतो. तो चिडवायचा, "ताई, माझ्याकडं वाघ दिसला नाई तरी लोक खूश राह्यतेत. तुझ्याकडं खरं ऐकून नाराज होऊन जातेत."

आजार कळला तेव्हा तो पोटात बराच पसरला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं आणि मग घरी न्या म्हणाले. तिनं मायला येऊ नको म्हणून बजावलं होतं. पुढच्या आठवड्यात माय दारात उभी. मी रविवारी गेले तेव्हा तिनं वैशालीला कुशीवर वळवून पाठ पुसायला घेतली होती, आणि मावशी शेजारी बसून कोमट पाण्याची वाटी धरून होती. वैशालीचा आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाली, "नसरीन, इनं आज मले रागावलं. औषध नाई घेतलं म्हणून. मी म्हटलं, तुले मी येऊ नको म्हटलं होतं ना... तं काय म्हणते माहीत हाय? म्हणते, यावेळी मले कोणी पाठवलं नाई. मी माझ्या मनानं आली." हे सांगताना तिचा चेहरा कसा होता ते मला नीट लिहिता येणार नाही. डोळे मिटलेले होते, पण कपाळावरची आठी, जी कितीतरी वर्षं मी पाहत आले होते, ती नव्हती. माझी तिची ती शेवटची भेट.

त्या दिवशी मी बसमधून उतरून घरी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. मावशी भिंतीशी बसलेली, डोळे कोरडे. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. वैशालीला उचलायच्या वेळी माय आतून आली, तिच्या डोक्याला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली होती. एकदोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी हळूच म्हटलं, हे काय? मी सांगितलं की त्यांच्याकडे आईबाप गेले की मुलं अशी पट्टी बांधतात. ते मावशीनं ऐकलं. ती उठली, मायजवळ गेली, मागून सैल झालेली तिची गाठ सोडून पुन्हा नीट आवळून बांधली, आणि तशीच तिच्या पाठीवर डोकं टेकून रडू लागली. इतकी रडली की आम्हाला थोडा वेळ निघताच आलं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर माय परत गेली. जाताना मावशीला म्हणाली, "मी रोज फोन करीन. तू उचलजो." आणि ती करते.

गेल्या रविवारी मी मावशीकडे बसले होते. हेमलकशाच्याही पुढच्या एका गावाहून एक बाप आणि त्याची मुलगी आली. त्यांना माहीत नव्हतं. बाप दाराशीच उभा राहून म्हणाला, "वैशालीबाई हायेत का?" मावशी म्हणाली, "नाई भाऊ. ती गेली." तो मुलीला घेऊन मागे वळला, तर मावशीनं थांबवलं. "इतक्या दूरून आले, बसा तं खरं." समोरच्या खोलीत एक लाकडी बाक आहे, त्यावर ती दोघं बसली. बापानं सांगितलं, पोरगी हुशार आहे, बाहेर डॉक्टरकीला पाठवायची आहे, एक साहेब गावात येऊन सगळं समजावून गेले. मावशीनं फोन लावून दिला. माय ड्यूटीवर होती, तिनं कॉलेजचं नाव विचारून घेतलं आणि म्हणाली, सुटीच्या दिवशी पाहून सांगते. मग तिनं मावशीला विचारलं, "पोरीले विचारलं का?" मावशीनं फोन ठेवला आणि बापाला म्हणाली, "भाऊ, तुम्ही जरा कोपऱ्यावर चहा पिऊन या." चंद्रपूरला परत आल्यापासून वैशाली प्रत्येक आईबापाला असंच बाहेर धाडायची. खोलीत मुलाशी किंवा मुलीशी एकटीच बसायची, दार लोटून घ्यायची, आणि त्या लेकराचं बोलणं उरकेपर्यंत कोणाला आत येऊ द्यायची नाही. मी बापाबरोबर उठले. मागे मावशीनं दार लोटल्याचा आवाज आला.

टपरीवर त्यानं मला विचारलं, "बाई, आत काय विचारून राह्यल्या ते?"

"तिले खरंच जायचं हाय का, ते," मी म्हटलं.

तो पेला हातात धरून बंद दाराकडे बघत राहिला. मग, जणू स्वतःलाच सांगत असल्यासारखा म्हणाला, "हे तं आम्ही विचारलंच नाई."

आमचा चहा संपला तरी दार उघडलं नव्हतं. आम्ही तिथेच थांबलो.